पायरी चौदा

पायरी तेरा : भट्टीतून कडं बाहेर काढा.
पायरी चौदा : वीस मिनिटं थांबा.
पायरी पंधरा : जोडा, तपासा, सही करा.

का थांबा, ते कुठंच नाही.
डर्बीच्या या कारखान्यात इंजिनाचं प्रत्येक कडं
आपली जन्मपत्रिका घेऊन हिंडतं –
कुठल्या खाणीतलं, कुणी ओतलं, कुणी पाहिलं,
पाहणाऱ्याचा चष्मा शेवटचा कधी तपासला,
तेसुद्धा.
फक्त त्या वीस मिनिटांना आईबाप नाहीत.

नव्या साहेबानं गुणाकार केला :
वर्षाला तेहतीसशे कडी, म्हणजे अकराशे तास
नुसतं हाताची घडी घालून उभं राहणं.
"काढून टाका."
काढायचं तर फॉर्म. फॉर्मवर रकाना :
ही पायरी मुळात का घातली होती?
ठेवायची असेल तर कुणी काही विचारत नाही.

कागद सांभाळणारी मी. सात वर्षं.
तेवढ्यात तीन सॉफ्टवेअर आली,
प्रत्येकानं आधीच्याचं सगळं गिळलं
आणि थोडं तोंडाबाहेर सांडलं.
शोधलं : "चौदा", "थांबा", "वीस".
चार हजार सातशे उत्तरं, त्यात कँटीनच्या पाट्याही.
एक फाईल उघडेना.
तिला माझा पासपोर्ट पसंत नव्हता.

मग चेशरला. जुने कागद तिथं मिठाच्या खाणीत ठेवतात.
दीडशे मीटर खाली, डोक्यावर दिवा,
करड्या मिठाची कोरडी भिंत.
मी बोट लावून चाखली. कुणी बघत नव्हतं.
आपल्याकडे मिठात कैऱ्या मुरतात, इथं खोकी.
मुरत मात्र नाहीत,
जशीच्या तशी राहतात.
सापडली. एकोणऐंशीची मूळ प्रत.
पायरी चौदाशेजारी पेन्सिलीनं, तिरकं :
डेसला विचारा.

डेसला विचारलं.
डेस्मंड ऑलरेनशॉ, वय सत्त्याऐंशी, बेल्परला,
कांद्याच्या वाफ्यात गुडघे टेकून.
आधी म्हणाला, मी सही केलीय, बोलता येणार नाही.
मग स्वतःच हसला.
"अगं, तो चहा होता."
"चहा?"
"दहा वाजता मॉरीनची गाडी यायची.
अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत ती आजारी पडली,
चहा नाही, म्हणून थांबलो नाही,
त्या आठवड्यात नऊ कडी तडकली.
तेव्हा लिहून टाकलं, थांबा."
"म्हणजे धातू निवायला हवा?"
"असेल. किंवा माणूस.
आम्ही काही मोजलं नाही बाई,
मॉरीन परत आली."

रकान्यात दोनशे अक्षरं बसतात.
मी दोनच लिहिली : चहा.
संगणक म्हणाला, पुरावा क्रमांक?
तोंडी चालत नाही. त्यावर सही नाही, तारीख नाही,
आणि सांगणारा आता कंपनीचा कुणी लागत नाही.
फॉर्म मसुद्यातच पडून आहे.
साहेब दर सोमवारी विचारतो, मी दर सोमवारी
"प्रक्रियेत आहे" म्हणते, जे इथं
देवाच्या नावासारखं कुठंही चालतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी तर भिंतीचं चाटून आलेय.

मार्चमध्ये माझी बदली, ब्रिस्टलला.
माझ्या जागी कुणी येणार का, ते ठरलेलं नाही.

आज सकाळी कायरन बॅग्नल, वय एकोणीस,
भट्टीपाशी टायमर लावून उभा होता.
दोन कप घेऊन मी पिवळ्या रेषेपर्यंत गेले,
त्यापुढं पेय न्यायला मनाई आहे.
त्याला खूण केली, ये इकडे.
"आपण इथं का थांबतो, माहितीय तुला?"
त्यानं कानातले बोळे काढले.
सतरा मिनिटं उरली होती.